खुब्याचं ऑपरेशन, सलाईनच्या बाटल्या आणि इकोचे तीन कागद

नोव्हेंबरचा शेवट, कापसाचा दुसरा वेचा. वणी-मारेगाव पट्ट्यातल्या एका गावातली ६७ वर्षांची बाई पोटाशी कापसाची ओटी बांधून वावरातून परतत होती. धुऱ्यावर पाय घसरला आणि डाव्या अंगावर पडली ती उठलीच नाही. पोरानं मालवाहू ऑटोत गादी टाकून तालुक्याला आणली. एक्स-रेत डावा खुबा मोडलेला, इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर. तिसऱ्या दिवशी सकाळी आत नेल, म्हणजे धातूची दांडी, टाकायचं ठरलं.

मी या भागातल्या तीन-चार लहान दवाखान्यांत भूल द्यायला जाते. लोक नावानं कमी आणि 'भुलीच्या मॅडम' म्हणून जास्त ओळखतात. ऑपरेशन चांगलं झालं तर नाव सर्जनचं, काही बिघडलं तर 'भूल जास्त झाली'. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचं आता फारसं वाईट वाटत नाही. या प्रकरणात मात्र ते बरंचसं खरं होतं, म्हणून लिहायला बसले. बाईंची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ऑपरेशनच्या आधी

वजन ४६ किलो. दहा वर्षांपासून ब्लडप्रेशर, अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनच्या गोळ्या चालू. साखर नाही. हिमोग्लोबिन ९.४, क्रिएटिनिन १.१. सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह. ती आमच्याकडे हिमोग्लोबिनइतक्याच सवयीनं होते. ईसीजीत डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा: उंच लहरी, बाजूच्या लीडमध्ये एसटी थोडी खाली. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून एऑर्टिक झडप अरुंद झाल्याचा आवाज येतो का, तेवढं मन लावून ऐकलं. नव्हता.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला नव्हता. तालुक्याला मशीन नाही, जिल्ह्याहून येणाऱ्या डॉक्टरांचा वार ठरलेला. त्याची वाट पाहावी का, असा प्रश्न सर्जननं विचारला आणि मी 'नको' म्हणाले. त्या निर्णयाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस अंथरुणावर जितकं पडून राहतं तितकं न्यूमोनिया, बेडसोअर, पायातल्या गुठळ्या यांच्या तावडीत सापडतं. ३६ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं हे जगभर मान्य आहे, आणि छातीवर आवाज नसेल, हार्ट फेल्युअरची लक्षणं नसतील तर केवळ इकोसाठी ते लांबवू नये हेही.

चुकलं ते दुसरंच. पडल्या दिवसापासून बाईंना बीपीची एकही गोळी दिली गेली नव्हती. पहिल्या दिवशी 'ऑपरेशन लागलं तर उपाशी ठेवा' म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तर उपाशीच. गोळ्यांची पुडी पोराच्या खिशात. टेल्मिसार्टन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थांबवतात हे ठीक, पण अॅम्लोडिपिन घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच असते. मी प्री-ऑप तपासणीत 'बीपीच्या गोळ्या चालू आहेत का?' असं विचारलं. 'हो जी' असं उत्तर आलं. 'काल घेतली का?' हे विचारलं नाही.

टेबलावर

आत घेतलं तेव्हा बीपी १६८/९६, नाडी ९२. मणक्यात भूल दिली: ०.५ टक्के हेवी बुपिव्हॅकेन, २.२ मिली, म्हणजे ११ मिलिग्रॅम. एवढ्याशा बाईला १.६ मिलीत भागलं असतं. पण काम लांबलं तर मध्येच भूल उतरायला नको, ही आमच्या धंद्यातली जुनी भीती हाताला थोडं पुढे ढकलते.

मणक्यातली भूल फक्त पाय बधिर करते असं बाहेरच्यांना वाटतं. वेदनेच्या नसांबरोबर सिम्पथेटिक नसाही झोपतात. त्या नसा रक्तवाहिन्या आवळून धरत असतात. त्या झोपल्या की कमरेखालच्या शिरा सैल पडतात आणि रक्त तिथेच मुरतं. शरीरातलं दोन-तृतीयांश रक्त एरवीही शिरांमध्येच असतं, त्यामुळे हा फरक किरकोळ नसतो. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, धमन्याही सैल झालेल्या, बीपी खाली. भूल छातीच्या वरच्या चार मणक्यांच्या पातळीपर्यंत चढली तर नाडी वाढवणाऱ्या नसाही बंद होतात आणि नाडी मंदावते. इथे ती सहाव्यापर्यंत चढली, म्हणजे नाडी वाचली पण बीपी नाही. सहाव्या मिनिटाला ७८/४४.

मी बीपी चढवणारं मेफेन्टरमिन ६ मिलिग्रॅम दिलं, दहा मिनिटांत तीनदा. सोबत रिंगर लॅक्टेटची बाटली पूर्ण उघडली, संपली, दुसरी लावली, मग तिसरी. ८० मिनिटांत दीड लिटर. ऑपरेशन सुरेख झालं, रक्तस्राव ३०० मिलीच्या आसपास दिसला. 'दिसला' म्हणते, कारण खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये मांडीत मुरलेलं रक्त कुणाच्या गॉजमध्ये मोजलं जात नाही. बाहेर काढताना बीपी ११८/७०. सर्जन खूश, मी खूश.

त्या वेळी, म्हणजे बीपी ७८ असताना, कुणी छातीवर इकोचा प्रोब ठेवला असता तर काय दिसलं असतं? लहानसा रिकामा कप्पा, भिंती एकमेकींना जवळजवळ चिकटताहेत, पंपिंग ७० टक्क्यांच्या घरात. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं 'हृदय उत्तम' म्हटलं असतं. प्रत्यक्षात मेंदूला, किडनीला रक्त पुरत नव्हतं. जाड भिंतीचं हृदय रिकामं असताना त्याला जोरात चाबूक मारला, म्हणजे अॅड्रिनलिनसारखं औषध दिलं, तर काहींमध्ये रक्त बाहेर पडायची वाटच आतून अरुंद होते. नशिबानं तसं झालं नाही.

पूर्ण भुलीत गणित वेगळं असतं. प्रोपोफॉल वाहिन्या सैल करतं आणि आकुंचनही थोडं कमी करतं. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन मुख्यतः वाहिन्या सैल करतात. केटामाइन उलट नाडी-बीपी चढवतं. आम्ही शिकलो तेव्हा हॅलोथेन असायचं, ते सरळ हृदयाच्या स्नायूलाच सुस्त करायचं. त्यात व्हेंटिलेटर छातीत हवा ढकलतो तेव्हा उजव्या बाजूला येणारं रक्त कमी होतं. कोणती भूल 'हार्टला चांगली' असं नातेवाईक नेहमी विचारतात. मी सांगते, जी हळू दिली जाते ती.

रात्री साडेनऊ

मी दुपारीच दुसऱ्या दवाखान्यात सिझरला गेले होते. वॉर्डात जे घडलं ते नंतर केसपेपरवरून जुळवलं.

दुपारी नेहमीच्या ऑर्डरप्रमाणे डीएनएसची, म्हणजे साखर-मिठाच्या सलाईनची, एक बाटली, ५०० मिली. अँटिबायोटिकच्या १०० मिलीच्या दोन छोट्या बाटल्या, ज्या कधीच कुणी मोजत नाही. चार वाजता हिमोग्लोबिन ७.९ आलं, सहा वाजता रक्ताची पिशवी लावली, सुमारे ३०० मिली, ती दीड तासात संपवली. बेरीज अडीच लिटर. लघवी ४०० मिली.

४६ किलोच्या बाईच्या अंगात एकूण रक्तच तीन लिटरच्या आसपास असतं. सलाईन सगळंच काही वाहिन्यांत राहत नाही, तासाभरात बरंचसं ऊतींमध्ये झिरपतं, हे खरं. पण तेवढ्यात भूल उतरायला लागली. झोपलेल्या नसा जाग्या झाल्या, सैल शिरा परत आवळल्या आणि पायांत मुरलेलं रक्त छातीकडे निघालं. ज्या रिकाम्या जागेसाठी मी सकाळी पाणी भरलं, ती जागाच संध्याकाळी नाहीशी झाली. पाणी तेवढं राहिलं. वर वेदना, थंडीची हुडहुडी, तीन दिवसांपासून बीपीची गोळी नाही. हुडहुडीत शरीराला लागणारा ऑक्सिजन दुपटीच्या वर जाऊ शकतो.

साडेनऊला पोराचा फोन सिस्टरच्या मोबाईलवरून: "मॅडम, मायले दम लागून रायला, बसवा म्हनते, पन पायानं बसता येत नाही."

पोचले तेव्हा बीपी १९६/१०८, नाडी १२८, श्वास मिनिटाला ३४, ऑक्सिजन ८४. दोन्ही फुफ्फुसांत अर्ध्यापर्यंत बुडबुडे. ओठ काळसर. ती माझा हात घट्ट धरून एवढंच म्हणाली, "पाण्यात बुडाल्यावानी होते, बाई." फुफ्फुसात पाणी भरल्याचं इतकं नेमकं निदान मी पुस्तकात वाचलेलं नाही.

पलंगाचं डोकं वर केलं, सगळ्या बाटल्या बंद. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून, वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप, आणि कोविडच्या लाटेत घेऊन ठेवलेलं, दोन वर्षं कोपऱ्यात धूळ खात पडलेलं, मास्कमधून दाबानं हवा देणारं बायपॅप मशीन. मास्क लावल्यावर पहिली दहा मिनिटं ती तो ओढून काढत होती, मग तिलाच हायसं वाटलं. पहाटे चारपर्यंत १६०० मिली लघवी झाली. सकाळी दोन लिटर ऑक्सिजनवर ९५.

मनात दोन गोष्टी होत्या. एक हार्ट अटॅक. ऑपरेशननंतरचा अटॅक बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो आणि बऱ्याचदा छातीत दुखतही नाही. भूल आणि वेदनाशामकं ते दडवतात. १५ हजारांवर रुग्णांच्या 'व्हिजन' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऑपरेशननंतर हृदयाला इजा झालेल्यांपैकी जेमतेम १६ टक्क्यांना तसं काही जाणवलं होतं. दुसरी, फुफ्फुसात गेलेली गुठळी किंवा चरबी; हाडाच्या पोकळीत नेल ठोकताना मज्जेतली चरबी रक्तात जाऊ शकते. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणाऱ्या घटकाची रक्तचाचणी, आणि इको दोन्ही लागणार होते, म्हणून सकाळी १०८ बोलावून मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवलं. वणीच्या बाजूचा रस्ता म्हणजे कोळशाच्या ट्रकांची रांग. वेळ किती लागेल ते ट्रक ठरवतात.

रेफरच्या चिठ्ठीवर मी चार ओळी लिहिल्या. वय, ऑपरेशन, मणक्यातली भूल, 'पोस्ट-ऑप ब्रेथलेसनेस, कृपया इको करावा'. बाटल्यांचा हिशोब लिहिला नाही. घाईत राहिला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं कारण असं की, तो लिहिला असता तर माझीच चूक माझ्याच अक्षरात गेली असती.

पहिला कागद

इको सकाळी ११.४० ला झाला. रिपोर्ट असा: पंपिंग, म्हणजे ईएफ, ४५ टक्के, सगळ्या भिंती थोड्या सुस्त. मधला पडदा १३ मिमी, जाड. डावा वरचा कप्पा मोठा. मायट्रल झडपेची मध्यम गळती. ई बाय ई-प्राइम, म्हणजे हृदय भरताना आत किती दाब आहे त्याचा अंदाज देणारा आकडा, १९. ट्रायकस्पिड, म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेच्या गळतीचा वेग सेकंदाला ३.२ मीटर, खालची मोठी शीर २२ मिमी आणि श्वासाबरोबर न मिटणारी. फुफ्फुसातला दाब ५६.

हा दाब कसा येतो ते एकदा सांगते, कारण पुढे उपयोगी पडेल. वेगाचा वर्ग गुणिले चार: ३.२ गुणिले ३.२ म्हणजे १०.२४, चौपट ४१. त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब मिळवायचा. शीर २१ मिमीपेक्षा फुगलेली आणि निम्म्यानंही न मिटणारी असेल तर तो १५ धरतात. झाले ५६. म्हणजे त्यातले १५ तर थेट त्या बाईच्या अंगात त्या क्षणी किती पाणी आहे यावरून आले.

कागदावर बीपी नव्हतं, नाडी नव्हती, ऑपरेशनला किती तास झाले ते नव्हतं. नंतर मी फाईल मागवून पाहिली. इकोच्या वेळी बीपी १७८/१००, नाडी ११८. शिवाय इको डाव्या कुशीवर वळवून करतात, तेव्हा हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि चित्र नीट येतं. हिचा डावाच खुबा कालच शिवलेला. उताणं ठेवून जे दिसलं ते दिसलं. अशा धूसर चित्रावर, इतक्या वेगानं धडधडणाऱ्या हृदयाचं पंपिंग नजरेनं ठरवताना दोन अनुभवी डॉक्टरांतही पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतो.

इको करणाऱ्या डॉक्टरांनी चूक केली असं मला म्हणायचं नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. प्रश्न पुढे सुरू झाला. ट्रोपोनिनही थोडं वाढलेलं आलं आणि वॉर्डातल्या कुणीतरी पोराला सांगितलं: हार्ट कमजोर आहे, व्हॉल्व्ह लीक आहे, अँजिओग्राफी करावी लागेल, झडपेचं पुढे बघू.

संध्याकाळी पोराचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यापेक्षा वाईट, शांत होता. "मॅडम, माय चालत-बोलत होती. पाय मोडला म्हनून आनली. आता हे म्हंतेत का हार्ट पंचेचाळीसच टक्के चालते. मंग बाकीचं पंचावन्न टक्के कुठी गेलं? भुलीत गेलं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. शंभर टक्के कुणाचंच नसतं. कप्प्यात शंभर थेंब भरले तर एका ठोक्यात ६० बाहेर जातात, बाकीचे आतच राहतात. बायकांमध्ये ५४ ते ७४ हे सर्वसाधारण. म्हणजे दहाएक टक्के कमी आहे, पंचावन्न नाही. ही टक्केवारी परीक्षेतल्या मार्कांसारखी ऐकली जाते आणि ४५ म्हणजे थर्ड क्लास असं घराघरांत ठरून जातं. हा शब्द नातेवाइकांसमोर उच्चारताना आम्ही एवढं एक वाक्य जोडत नाही, याची मला चीड आहे.

दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणता आलं असतं.

हिशोब

मी कार्डिऑलॉजिस्टना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "मॅडम, पाणी किती गेलं?" मी केसपेपर पुढ्यात घेऊन मोजत गेले. दीड लिटर, पाचशे, दोनदा शंभर, रक्त. बीपीच्या गोळ्या तीन दिवस बंद. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "हे चिठ्ठीत असतं तर बरं झालं असतं. थांबू या."

थांबण्याला आधार होता. अटॅक असेल तर ज्या धमनीचा रस्ता बंद झाला तेवढ्याच भागाची भिंत थांबते. इथे सगळ्या भिंती सारख्याच सुस्त होत्या. टाकोत्सुबोचाही विचार झाला. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला हा प्रकार पाळी गेलेल्या बायकांमध्येच जास्त दिसतो आणि ऑपरेशनच्या ताणानंही होतो. त्यात हृदयाचं टोक फुगतं आणि वरचा भाग जोरात आवळतो, ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा आकार येतो. इथे टोकही हलत होतं. उजवा कप्पा फुगलेला नव्हता, त्यामुळे मोठी गुठळी संभवत नव्हती. सहा तासांनी केलेलं ट्रोपोनिन चढण्याऐवजी उतरलं. किडनीचा ताण सांगणारं क्रिएटिनिन १.५ वर गेलेलं, हिमोग्लोबिन ८. अशात अँजिओग्राफीचा डाय किडनीला आणखी जड.

मग पंपिंग ४५ कशामुळे? बीपी १७८ असताना हृदयाला पलीकडून दाबून धरलेल्या दारावर धक्का द्यावा लागतो. ठोक्यामागे बाहेर पडणारं रक्त कमी होतं, स्नायू चांगला असला तरी. नाडी ११८ झाली की दोन ठोक्यांमधला विसाव्याचा वेळ ७० च्या नाडीच्या जवळजवळ निम्मा होतो, आणि हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः त्या विसाव्यातच मिळतं. ते रक्तही पातळ, हिमोग्लोबिन आठ. ट्रोपोनिन किंचित का वाढलं, त्याचंही उत्तर यातच.

झडपेची गळतीही तशीच. पाकळ्या धड होत्या. पण कप्पा पाण्यानं ताणलेला, बीपी चढलेलं, रक्ताला पुढे जायला अडचण. मग मागच्या फटीतून जास्त जातं. याच बाईची झडप टेबलावर बीपी ७८ असताना पाहिली असती तर गळती जेमतेम दिसली असती. झडपेच्या ऑपरेशनमध्ये भुलीखाली केलेल्या इकोत गळती खरीपेक्षा कमी दिसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलटी बाजू, वेदना आणि चढलेल्या बीपीत ती जास्त दिसते, हे तितकंसं कुणी बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी मी शहरात गेले. पोरगा वॉर्डाबाहेर बसला होता. त्याला माझ्या परीनं सांगितलं: तुझ्या मायच्या हार्टची भिंत दहा वर्षांच्या बीपीनं जाड, कडक झालीये. लुगड्याच्या ओटीत कापूस कितीही कोंबा, ओटी फुगत जाते. टिनाच्या डब्यात कोंबला तर शेवटची मूठ बसतच नाही, दाबली की उसळून वर येते. तिचं हार्ट डबा झालंय. मी ओटी समजून पाणी भरलं. ते वर उसळलं, फुफ्फुसात.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे डबा फुटला नाही ना जी?"

नाही फुटला.

दुसरा आणि तिसरा कागद

पाचव्या दिवशी परत इको झाला. बीपी १३४/७८, नाडी ८४. या वेळी हे दोन्ही आकडे कागदावर होते. पंपिंग ५५. गळती सौम्य. ई बाय ई-प्राइम १३. सहा आठवड्यांनी, वॉकर धरून चालत आली तेव्हाच्या इकोत पंपिंग ६०, गळती नावापुरती, ई बाय ई-प्राइम ११. ट्रायकस्पिडचा वेग २.५: वर्ग सव्वासहा, चौपट २५, शीर बारीक आणि श्वासाबरोबर मिटणारी म्हणून वर फक्त ३. दाब २८. छप्पन्नाचा अठ्ठावीस, मध्ये एकही ऑपरेशन नाही, फक्त जास्तीचं पाणी निघालं आणि बीपीच्या गोळ्या परत सुरू झाल्या.

तिन्ही कागद टेबलावर शेजारी मांडले की माझी नजर आता बदललेल्या आकड्यांवर जात नाही, न बदललेल्यांवर जाते. मधला पडदा तिन्हींत १३ मिमी. डावा वरचा कप्पा तिन्हींत मोठा. हा तिचा खरा आजार, पडायच्या कितीतरी आधीपासूनचा, आणि ऑपरेशनच्या आधीच्या ईसीजीत तो मला दिसलाही होता. कप्पा मोठा व्हायला महिने-वर्षं लागतात. एका रात्रीच्या सलाईननं तो तसा होत नाही. बाकी पंपिंग, गळती, दाब हे त्या-त्या दिवसाचं हवामान होतं. पहिल्या कागदानं वर्षांचं आणि रात्रीचं एकाच ओळीत, एकाच शाईत लिहिलं होतं.

तेव्हापासून माझ्या कामात फरक पडला आहे. ईसीजीत जाड भिंत दिसली की बुपिव्हॅकेन कमी घेते. बीपी पडलं की पहिली पळापळ बाटलीकडे नाही, फिनाइलएफ्रिनकडे किंवा नॉरअॅड्रिनलिनच्या बारीक ड्रिपकडे: वाहिन्या सैल झाल्यात तर त्या आवळायच्या, त्यांच्या मापानं पाणी भरत बसायचं नाही. एक बाटली, फार तर दीड. रक्त द्यायचंच तर चार तासांच्या मर्यादेत हळू, आणि लागलं तर फ्युरोसेमाइडबरोबर. वॉर्डातल्या सिस्टर आता १०० मिलीच्या बाटल्याही चार्टवर लिहितात; सुरुवातीला वैतागल्या होत्या. 'काल गोळी घेतली का, पुडी दाखवा' हे तर तोंडपाठ झालंय. आणि इकोच्या विनंतीवर एक ओळ वाढली: ऑपरेशननंतर किती तास, आतापर्यंत आत किती, बाहेर किती, आत्ताचं बीपी, आत्ताची नाडी, हिमोग्लोबिन.

एप्रिलात पोरगा परत आला. मोतिबिंदूच्या शिबिरात मायला परत पाठवलं होतं. फाईलमध्ये सगळ्यात वर तो पहिला इको, 'पंपिंग ४५ टक्के, हृदयाच्या डॉक्टरांचं फिटनेस आणा'. मोतिबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्यापुरतं बधिर करतात, हृदयावर त्याचा भार जवळजवळ काहीच नसतो, पण कागदावर ४५ दिसल्यावर शिबिरातलं कुणी हात लावत नाही आणि मी त्यांना दोषही देणार नाही. मी पत्र लिहिलं, तिसरा कागद वर लावला, मग दुसरा, पहिला सगळ्यात खाली.

"हा फाडून टाकू का जी?" त्यानं पहिल्या कागदाकडे बोट दाखवून विचारलं.

फाडू नको म्हटलं. पेन मागितलं आणि त्या कागदाच्या समासात, नोव्हेंबरात चिठ्ठीवर लिहायला हवं होतं ते लिहिलं: ऑपरेशननंतर सुमारे २६ तास. बीपी १७८/१००, नाडी ११८, हिमोग्लोबिन ८. आदल्या दिवशी आत २५०० मिली, रात्री फुफ्फुसात पाणी. खाली सही केली, भूलतज्ज्ञ म्हणून.